झाकण

खामफेंग,
आलो शेवटी.

बंद पडलेल्या पेट्रोल पंपाच्या जागी
तुझ्या पोरीनं हॉटेल काढलंय.
हवा भरायची नळी टांगायचा आकडा भिंतीला तसाच आहे,
त्यावर आता गिऱ्हाइकं कोट अडकवतात.
आयोवातला जानेवारी; दार उघडलं आणि चष्मा पांढरा.
पुसून बघतो तर समोर तू,
चौकटीत, पंचविशीतला,
मला अजून न भेटलेला.

सव्वीस वर्षं एका पट्ट्यावर उभे होतो आपण.
तू खांदा कापायचास, मी बरगडी.
डुकरांचा आकडा आणि बर्फ किती पडलं
यापलीकडे बोलणं गेलं नाही.
तू डबा उघडलास की मी खिडकीपाशी जायचो.
एकदा म्हणालोही, "काय मेलंय रे त्यात?"
सगळे हसले.
तूसुद्धा.
दुसऱ्या दिवसापासून तू गाडीत बसून जेवायला लागलास,
इंजिन चालू ठेवून.
मला वाटलं, रेडिओ ऐकत असशील.

सेंगदाओ पाणी ठेवते.
"मिस्टर ऑस्टबी, तिखट किती?"
तुझे वडील खायचे तेवढं, मी म्हणतो.
ती नर्ससारखी बघते माझ्याकडे.
"निम्मं आणते."

आत उखळात कच्ची पपई कुटली जातेय,
आधी कोरडी टोकटोक, मग ओली,
आणि मग पडद्याखालून
तो येतो,
तोच वास.
मी खुर्ची मागे सरकवली, खरं सांगतो.
खिडकी कुठंय ते नजरेनं शोधलंही.
मासा, मीठ, तांदळाचा कोंडा, ती सांगत होती,
मडक्यात वर्षभर. पादेक म्हणतात.
मेलेलं आणि मुरलेलं
यातला फरक कळायला
मला एकाहत्तरावं उजाडलं.

भात बांबूच्या टोपलीत आला. काटा मागितला तर
ती म्हणाली, हातानं.
हा हात तुला माहीत आहे.
दोन बोटं अर्ध्यावर संपतात,
ती गेली त्या दुपारी पट्टा तूच थांबवलास,
तुझाच रुमाल आवळलास त्यांच्यावर,
आणि पट्टा थांबवला म्हणून तुझी अर्ध्या दिवसाची मजुरी कापली.
हे मला नंतर कुणीतरी सांगितलं.
मी काही बोललो नाही.
कुठून सुरुवात करायची असते अशा वेळी?

चिमूट घ्यायची, दाबायची, गोळी करायची.
भात भाताला चिकटतो, बोटांना नाही.
अर्ध्या बोटांनाही जमलं तिसऱ्या खेपेला.
पपई जिभेवर आली तेव्हा
आधी आंबट, मग खारट,
मग कानांपर्यंत जाळ,
आणि जाळाच्या तळाशी तो वास,
आता वास न राहिलेला.
नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी.
मिरचीचं म्हण. सेंगदाओनंही तसंच म्हटलं.
रश्शातला लाकडाचा तुकडा मी चावून गिळणार होतो,
तिनं धावत येऊन थांबवलं;
तो नुसता चघळायचा असतो म्हणे.
जीभ बधिर, जणू दात काढायला गेलो होतो.

पैसे ठेवून उठलो.
ती टोपलीचं झाकण लावत होती.
"उघडं ठेवलं तर नवरा-बायको तुटतात, आई म्हणायची."
माझी चौऱ्याण्णवमध्येच गेली, पोरी.
ती हसली नाही.
दाबून लावलं तिनं झाकण,
आणि उरलेल्या भाताचा पुडका माझ्या कोटाच्या खिशात.

गाडीत बसलोय.
इंजिन चालू आहे. रेडिओ नाही लावला.
भात अजून कोमट आहे, बोटांना तो वास.
समोर काचेपलीकडे तुझी पोर
माझं टेबल पुसतेय,
सांडलेली पपई, भाताचं एकेक शीत.
एक माणूस उठून खिडकीपाशी आला,
उगाच बाहेर बघतोय.

गाडीतून आतलं सगळं दिसतं रे,
खामफेंग.
मला माहीत नव्हतं.